पंधरा त्रिक पंचेचाळीस

मी फळ्यावर पंचेचाळीस लिहिलं आणि सगळा क्लब हसला.

हसू कशाचं ते आधी कळलंच नाही. मी मागं वळून पाहिलं. वाटलं, कोणी घसरलं असेल, नाहीतर कोर्टावर कुत्रं शिरलं असेल. पण खुर्च्यांवरच्या सगळ्या बाया माझ्याकडेच बघत होत्या. एकीनं फोन वर धरलेला, माझा व्हिडिओ काढत होती. मग सेक्रेटरी साहेब खेळ थांबवून, रॅकेट काखेत मारून फळ्यापाशी आले. माझ्या हातातला खडू काढून घेतला. मागितला नाही. काढून घेतला. पंचेचाळीसवर काट मारली, चाळीस लिहिलं आणि माइकवाल्याला म्हणाले, "माइक आण जरा इकडे."

क्लब डहाणूतला. अधिकारी, डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, वाडीवाले, असल्या लोकांचा. त्यात टेनिसचं एक मातीचं कोर्ट. मी त्या कोर्टावर कामाला होते. पहाटे पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, नेट ताणायचं, आणि दोरी धरून फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या. माझं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगरात. भात आणि नागली एवढंच आमचं. मी डहाणूत दोन बायांबरोबर खोली करून राहायची, शनिवारी गावी जायची. क्लबात मला कोणी नावानं हाक मारत नसे. "ए फक्की" म्हणायचे. मीही ओ द्यायची.

त्या दिवशी क्लबच्या वार्षिक स्पर्धेची फायनल होती. फळ्यावर स्कोअर लिहिणारा क्लार्क तापानं पडला होता. साहेब मला म्हणाले, "तू लिही. पंधरा, तीस, असं वाढत जातं. गेम संपला की पुसायचं. सोपं आहे." एवढंच सांगितलं त्यांनी. मी पंधरा लिहिलं. तीस लिहिलं. तिसरा पॉइंट झाला. आता तीसनंतर काय येतं? तुम्हीच सांगा. आमच्या झेडपीच्या शाळेत गुरुजींनी हातावर छड्या मारून पाढे घातलेत आमच्या डोक्यात. पंधरा एके पंधरा. पंधरा दुणे तीस. पंधरा त्रिक पंचेचाळीस. हात आपोआप चालला.

माइक आला. साहेबांनी तो माझ्या तोंडापुढं धरला.

"कितवी शिकलीस?"

"बारावी."

"वा. मग म्हण पंधराचा पाढा. कळू दे सगळ्यांना, पंचेचाळीस कुठून आलं ते."

आणि मी म्हटला. हेच मला आजही सहन होत नाही. ते हसले याच्यापेक्षा मी म्हटला, याचा राग जास्त आहे. मला नाही म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. साहेब म्हण म्हणतात, तर म्हणायचं. पंधरा चोक साठ. लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले. माझा आवाज कापत होता आणि स्पीकरमधून तो आणखी कापरा होऊन परत माझ्याच कानावर येत होता. पंधरा दाहे दीडशे करूनच मी थांबले. साहेबांच्या मिसेस पहिल्या रांगेत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "यांच्यात वीसच्या पुढं मोजायची गरजच कुठं पडते? दीडशेपर्यंत गेली म्हणजे कमालच म्हणायची." हळू नाही बोलल्या. मला ऐकू यावं इतपत आवाजात.

एवढ्यावर भागलं नाही. बक्षीस समारंभात साहेबांनी ट्रॉफी घेतली, भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "आता एक विशेष पारितोषिक." माझं नाव पुकारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव त्या क्लबात कोणी घेतलं. मी पुढं गेले. हातात अंकलिपी ठेवली. बालवाडीतली पोरं घेतात ती, वर कमळ नि बदक. बाजारात माणूस पाठवून मुद्दाम आणवलेली. पुन्हा हसू. आणि मी काय केलं? वाकून नमस्कार केला. पाठीच्या कण्याला सवयच ती. अंकलिपी मी स्टेशनच्या बाकावर ठेवून दिली आणि खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोर्टावर पाणी मारत होते आणि अंगाचा नुसता भडका उडाला होता. रडू नव्हतं आलं. रडून काय करू? एकच गोष्ट डोक्यात घुसली होती. चाळीस का? पंधरानं वाढतं तर चाळीस कसं? चूक माझी होती का त्यांच्या खेळाची?

क्लबात एक मास्तर यायचे. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, रिटायर झालेले. गुडघ्यानं खेळणं सुटलेलं, पण जिल्ह्याच्या टेनिस संघटनेचे जुने अंपायर. मोठ्या मॅचला उंच खुर्चीत बसून स्कोअर पुकारायचे. मी त्यांना विचारलं, "काका, तीसनंतर चाळीस का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पक्कं कोणालाच माहीत नाही. काही लोक म्हणतात, पूर्वी पंचेचाळीसच होतं. घड्याळाच्या काट्यासारखं. पंधरा, तीस, पंचेचाळीस, मग गेम. पंचेचाळीस पुकारायला लांबलचक पडतं म्हणून चाळीस झालं म्हणे."

"हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"होतं."

"तुम्ही पण हसलात."

"हसलो," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढंच त्यांच्याबद्दल सांगते. मग आत गेले आणि कपाटातून नियमांचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. त्या पुस्तकाचे उपकार मी मानते. हसले होते तेही लक्षात ठेवलंय.

पुस्तक इंग्रजी. दुपारी बारा ते चार कोर्ट बंद असायचं. नेटच्या खांबाला टेकून मी वाचायची, अडलेला शब्द फोनवर बघायची. एक पान समजायला आठवडा गेला. पण जसजसं कळत गेलं तसतसा हा खेळ नाही, ही तर आपलीच कुंडली लिहिलीय असं वाटायला लागलं. शून्याला लव्ह म्हणतात. काही नसणं याला असलं गोड नाव फक्त यांनाच सुचेल. ज्याच्या हातात सर्व्हिस, त्याचा आकडा आधी पुकारायचा. दुसरा कितीही पुढं असो, नाव आधी सर्व्हिसवाल्याचं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. डोंगरातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. तहसीलला कागद घेऊन गेलं की कळतं, सर्व्हिस कोणाच्या हातात आहे.

पण पुढं वाचलं. दोघंही चाळीसवर आले की ड्यूस. तिथून एक पॉइंट घेतला की ॲडव्हान्टेज, लगेच दुसरा घेतला तरच गेम. मधे एक गेला की परत ड्यूस. म्हणजे बरोबरीला येऊन भागत नाही. सलग दोन पावलं पुढं जावं लागतं. आणि गेम संपला की सर्व्हिस समोरच्याकडे जाते. दर वेळेला. कोणाची मेहेरबानी लागत नाही त्याला, नियमच तो. सहा गेमचा सेट, त्यातही दोननं पुढं. दोन सेट जिंकले की मॅच. मी बोटांवर नाही, डोक्यात मोजायला शिकले.

पुकारायची सवय व्हावी म्हणून चालता बोलता पुटपुटायची. चारोटीच्या स्टॉपवर उभी राहून "फिफ्टीन लव्ह, थर्टी लव्ह" करत होते तर शेजारची बाई पोराला घेऊन चार पावलं लांब गेली. गावी आई चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती. माझं लव्ह लव्ह ऐकून तिचा हात थांबला. "कोण हाय तो?" म्हणाली. मी हसत सुटले. किती महिन्यांनी हसले असेन.

आणखी एक गोष्ट मला कळत होती, जी क्लबात कोणालाच कळत नव्हती. मातीवर बॉल पडला की वण उठतो. रेघेवर पडला तर चुना फुटतो, पांढरी भुकटी पुढं उडते. पहाटे रेघा दुरुस्त करताना आदल्या संध्याकाळची अख्खी मॅच मी मातीत वाचू शकायची. रेघेला नुसता स्पर्श झाला तरी बॉल आत, असा नियम. आणि साहेबांच्या बाजूच्या मागच्या रेघेवर चुना रोज फुटलेला असायचा. त्याच बॉलला साहेब बोट वर करून "आउट" म्हणायचे. मी कुंपणाबाहेर उभी राहून ऐकलेलं असायचं. साहेब मोठे सरकारी अधिकारी, त्यांच्यासमोर कोण बोलणार? कोणाची फाइल त्यांच्या टेबलावर, कोणाची बदली. सलग दोन वर्षं ट्रॉफी त्यांनी अशी घेतली. तिसऱ्यांदा घेतली की ती कायमची घरी न्यायची, असा क्लबचा रिवाज.

संघटनेचं पंचांचं शिबिर वापीला लागलं. मास्तरांनी अर्जावर सही केली. सहा रविवार मी तलासरीहून हायवेच्या बसनं वापीला गेले. परीक्षेत पास झाले. यादीत नाव आलं. क्लबात कोणालाच सांगितलं नाही. फक्की मारत राहिले.

मग पुढच्या वर्षीची वार्षिक स्पर्धा आली. त्या वर्षी बाहेरच्यांनाही खुली केली होती, म्हणून फायनलला यादीतलाच अंपायर पाहिजे, असं संघटनेचं पत्र होतं. मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते साहेबांना म्हणाले, "आपल्याकडे यादीत दुसरं नाव हिचंच आहे." साहेबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. हसले. "चला, पाढा ऐकू."

मी खुर्चीत चढले. मास्तर काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसले होते. समोर वापीच्या बँकेतला एक तरुण, गुजराती, शांत पोरगा. इकडे साहेब. पहिला सेट साहेबांनी घेतला, दुसरा पोरानं. तिसऱ्यात साहेब पाच-चारनं पुढं, सर्व्हिस त्यांची, स्कोअर फॉर्टी थर्टी. एक पॉइंट आणि ट्रॉफी घरी. सगळे उभे राहिले होते.

पोरानं बॉल खोल मारला. मागच्या रेघेवर पडला. चुना फुटला. मी बघितला, भुकटी उडताना. साहेबांनी बोट वर केलं, "आउट", आणि हात पुढं करून नेटकडे चालायला लागले. लोक टाळ्या वाजवायला लागले.

मी म्हटलं, "बॉल आत. ड्यूस."

टाळ्या मधेच थांबल्या. साहेब वळले. "काय?"

"बॉल रेघेवर आहे. ड्यूस."

"तू खाली उतर आणि दाखव."

नियमात आहे ते. वण बघायला अंपायर खाली उतरू शकतो. मी उतरले. नेटपासून मागच्या रेघेपर्यंत चालायला लागले. मला पोचायच्या आत साहेबांनी बुटानं तो वण पुसला. टाच घासून, दोन वेळा, सगळ्यांदेखत. म्हणाले, "कुठाय? दाखव ना."

आता सांगते. त्या क्षणी मला भीती नाही वाटली. आनंद झाला. असा आनंद मला कधीच झाला नव्हता. कारण पुस्तकाचं ते पान मला पाठ होतं आणि त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं खेळून कधी गरजच पडली नव्हती त्यांना. वण बघायच्या आधी जो खेळाडू तो पुसतो, त्यानं तो पॉइंट सोडला असं धरायचं.

मी तिथंच उभी राहून म्हटलं, "वण तुम्ही पुसलात. पॉइंट गेला. ड्यूस." आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

वापीचा पोरगा घाबरला होता. खुर्चीजवळ येऊन म्हणाला, "जवा दो ने बेन. फरी रमिये." पुन्हा खेळू म्हणत होता. जिंकलेला पॉइंट सोडायला तयार. असलीच माणसं यांना माजवतात. मी म्हटलं, "पॉइंट झालेला आहे. जागेवर जा."

साहेब खुर्चीखाली आले. "चुना टाकणारी बाई मला टेनिस शिकवणार? उतर खाली."

"वर्तनाबद्दल ताकीद," मी माइकमध्ये म्हटलं. तोच माइक. आवाज कापला नाही. त्यांनी रॅकेट मातीत आपटली. दांडा वाकला. "दुसरा गुन्हा, पॉइंट कापला. ॲडव्हान्टेज समोरच्याला." एकेक शब्द मी सावकाश उच्चारला. हवा होता तेवढा वेळ घेतला. तो आकडा त्यांच्या कानात उतरताना मी त्यांचा चेहरा बघत होते. लाल, मग पांढरा. पुढचा पॉइंट त्यांनी नेटमध्ये घातला. पाच पाच. त्यानंतर ते माणूस राहिले नव्हते, नुसते धावत होते. सात-पाच. मॅच पोराची. मी कुठंही एक इंचानं त्यांच्या विरुद्ध झुकले नाही. गरजच नव्हती. त्यांना बुडवायला खरा स्कोअर पुरला.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टेबलामागं कमिटीचे तिघं, साहेब मधे. कागद टाइप करून तयार. "माझ्याकडून अनवधानाने चुकीचा निर्णय दिला गेला, त्याबद्दल मी दिलगीर आहे." खाली माझं नाव, सहीसाठी जागा. साहेब म्हणाले, "सही कर आणि कामाला लाग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

पगार माझ्या एकटीचा नव्हता. आईचं औषध, खोलीचं भाडं, सगळं त्याच्यावर. हे त्यांना नीट माहीत होतं, म्हणून तर कागद आधीच टाइप झाला होता. मी पेन घेतलं. कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहिलं, तीन-सहा, सहा-चार, सात-पाच. जिंकणाऱ्याचं नाव लिहिलं. हरणाऱ्याचं लिहिलं, आडनावासकट. खाली, "वण खेळाडूने बुटाने पुसला." आणि सही केली, पूर्ण नावाची.

"हे काय?"

"तुम्हाला माझ्याकडून लेखी पाहिजे होतं ना. हे लेखी."

साहेबांनी तो कागद फाडला. फाडू दे. मॅचचं स्कोअरकार्ड, वण पुसल्याच्या तक्रारीसकट, मी मॅचच्या संध्याकाळीच संघटनेला पाठवून दिलं होतं.

काम गेलं. आईनं विचारलं, "काय झाला? त्यांनी काय सांगला?" मी सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. मग म्हणाली, "सही केली नाय ना?" मी म्हटलं, "नाही." तिनं ताट वाढलं.

क्लबच्या हॉलमध्ये विजेत्यांच्या नावांचा लाकडी बोर्ड आहे. त्या वर्षापुढं त्यांनी नाव रंगवलंच नाही. ट्रॉफीही कपाटात कुलूपबंद. निकाल वादग्रस्त, असं म्हणतात. वाद कोणाचा? त्यांचाच.

गेल्या आठवड्यात मास्तर आमच्या गावी आले. जीपनं, धुळीत, त्या गुडघ्यावर. साहेबांचा निरोप घेऊन. संघटनेनं सुनावणी लावलीय, साहेबांवर बंदी येऊ शकते. मी तक्रार मागं घेतली तर परत कामावर, वर सुपरवायझर. मास्तर ओटीवर बसून म्हणाले, "मिटवून टाक, पोरी. त्यांचं वय बघ. बायको आजारी असते."

मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "काका, मिटवायचा प्रयत्न त्यांनी करून झालाय. बुटानं. तुम्ही समोर होतात. सुनावणीला येऊन सांगाल?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मला त्या क्लबात रोज बसायचंय गं."

"मग बसा," मी म्हटलं. राग आला होता, दाखवला. ते परत जीपमध्ये बसून गेले.

सुनावणी सोमवारी आहे, पालघरला. साक्षीदार कोणी नाही. वापीच्या पोराचा फोन लागत नाही. मी एकटी आहे आणि मी जाणार आहे. बंदी मागणार आहे, पूर्ण मुदतीची, एक दिवस कमी चालणार नाही. त्या बोर्डावर जिंकणाऱ्याचं नाव रंगवून घेणार आहे. बायको आजारी असते, वय झालंय, हे मला सांगायचं नाही. ट्रॉफी, क्लब, खुर्ची, माझ्या हातून जेवढं काढून घेता येईल तेवढं त्या माणसाकडून काढून घेणार आहे, नियमानं, एकेक पॉइंट करून. आणि सगळं हरून तो उद्या माझ्या दारात आला, हात जोडून उभा राहिला, तरी मी त्याला माफ करणार नाही.